‘निष्काळजीपणा’ बातमीत छापला जातो, दाव्यात शाबीत करावा लागतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की कोरेगाव, कराड, सातारा भागातून दोन बातम्या हमखास येतात. रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला दुचाकी मागून धडकली, नाहीतर वीजतारा एकमेकींना घासून उभा ऊस जळाला. बातमीच्या शेवटी ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द असतो. तो वाचून घरच्यांना वाटते, चूक कोणाची हे तर छापूनच आले, आता भरपाईला अडचण काय? अडचण ही की न्यायालय त्या एका शब्दाचे चार तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा पुरावा मागते. नुकसान खरे, चूकही खरी, तरी दावा फेटाळला गेला, असे होते तेव्हा त्याचे कारण बहुधा घटनेनंतरच्या पहिल्या आठ दिवसांत घडून गेलेले असते. म्हणून हे पत्र जरा लांबवतो आहे.

ते चार तुकडे असे. वादीच्या बाबतीत काळजी घेण्याची जबाबदारी प्रतिवादीवर होती का? त्या जागी एखादा समंजस माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी त्याने घेतली का? ती न घेतल्यामुळेच हे नुकसान झाले का? आणि नुकसान नेमके किती? पहिल्यावर फारसे भांडण होत नाही. वाहन चालवणारा, रुग्णावर उपचार करणारा, वीज पुरवणारा यांच्यावर जबाबदारी असतेच. खरी लढाई दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर होते, आणि लोकांच्या पिशवीत कागद असतात ते मात्र चौथ्याचे: दवाखान्याची बिले, औषधांच्या पावत्या. ती बिले किती खर्च झाला ते सांगतात. चूक कोणाची ते सांगत नाहीत.

पुरावा किती लागतो याबद्दलही गैरसमज फार. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात ‘असे घडले असण्याचा संभव जास्त’ एवढ्यावर काम होते. मोटार अपघाताच्या दाव्यांना हेच माप लावायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने बिमला देवी प्रकरणात (२००९) स्पष्ट केले आहे. त्यामुळे चालक फौजदारीत सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. हे माहीत नसल्याने निकालाच्या दुसऱ्या दिवशी मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळी होणारी घरे आहेत. याची दुसरी बाजूही आहे. पोलिसांत फिर्याद नोंदली गेली म्हणजे चूक शाबीत झाली, असेही नाही. फिर्याद देणारा आणि पंचनाम्यावरचा पंच साक्षीला उभा राहिला नाही आणि दुसरा पुरावाही नसला, तर तो कागद एकटा फार ओझे पेलत नाही.

आता दुसरा मुद्दा, कर्तव्यभंगाचा. तो शाबीत करायला अपघातानंतर गोळा केलेल्या कागदांपेक्षा अपघाताच्या आधीचा कागद जास्त वजनदार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे दगावली. १९६६ मध्ये न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. मनोरा ८० वर्षांचा होता, आणि ज्या चुन्यात तो बांधला होता त्याचे आयुष्य ४०-४५ वर्षे. मुदत संपलेली वास्तू मालकाने तपासत राहायला हवी होती. याउलट राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका नोकरदाराचा मृत्यू झाला, आणि त्याच्या पत्नीचा दावा सर्वोच्च न्यायालयात १९९७ मध्ये टिकला नाही. मनोऱ्याचा धोका मालकाला कळायलाच हवा होता. झाडाच्या बाबतीत तसे म्हणायला आधार मिळाला नाही.

आपल्याकडे जुन्या रस्त्यांच्या कडेला वडाची मोठी झाडे आहेत. एखादे वाळले, पोखरले, रस्त्यावर कलले, तर गावाने ‘सांगून झाले’ म्हणणे पुरेसे नाही. अर्ज लेखी द्यावा. झाड कोणत्या किलोमीटर दगडाजवळ, कोणाच्या घरासमोर, काय झाले आहे हे त्यात लिहावे, फोटो जोडावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. फोनवरची तक्रार असेल तर तिचा नोंदणी क्रमांक टिपून ठेवावा. तो शिक्का असलेली प्रत पुढे कोणाच्या तरी दाव्यात ‘प्रतिवादीला धोका माहीत होता’ हे एका पानात शाबीत करते. अपघात झाल्यावर असा अर्ज आधी कोणी दिला होता का, हे माहिती अधिकारात विचारता येते. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. त्याच कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. रस्त्याच्या निकृष्ट कामाविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. नमुना मागणारे फार थोडे.

आधीचा अर्ज नसेल तर ठरलेले माप शोधावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिली आहे, आणि पुढे गतिरोधक असल्याचा फलक आधी लावायचा असतो. गावात रात्रीतून मुरूम-डांबराचा उभा कठडा घातला असेल, तर टेप लावून घेतलेले माप आणि हे माप शेजारी ठेवले की समंजस माणसाने काय करायला हवे होते यावर वाद घालायला फारशी जागा उरत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल मानकाप्रमाणे नसल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड आहे. दंडाची रक्कम वादीला मिळत नाही, पण कर्तव्य कायद्यानेच लिहून ठेवले आहे, हे दाखवायला ते कलम कामी येते.

जळलेल्या उसाकडे येतो, कारण तिथे कार्यकारणसंबंध जितका सहज शाबीत होऊ शकतो तितकाच सहज हातचा जातो. तलाठ्याच्या पंचनाम्यात बहुतेक वेळा ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागून नुकसान’ एवढेच वाक्य असते. वीज कंपनीची कैफियत मग ठरलेली: बांधावर पाचट पेटवले होते, विडी टाकली असेल, आमच्या तारांचा संबंध नाही. म्हणून पंचनामा होतानाच चार गोष्टी त्यात लिहून घ्याव्यात. दोन्ही बाजूंच्या खांबांचे क्रमांक. तारांना झोळ किती आणि सर्वांत खालची तार जमिनीपासून किती उंचीवर. शेतातून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेसाठी सुरक्षा नियमांत किमान ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट, अंतर सांगितले आहे. माप मात्र तारेजवळ काठी किंवा टेप नेऊन कधीच घेऊ नये, ते वीज कंपनीच्या माणसाने किंवा विद्युत निरीक्षकाने त्याच्या साधनाने घ्यायचे. तिसरी गोष्ट, तारेवर वितळून झालेले मणी किंवा खड्डे, आणि तारांमध्ये अंतर राखणारे स्पेसर आहेत की नाहीत. चौथी, आग कुठून सुरू झाली. तारेखालची सरी पूर्ण जळाली आणि बांधाकडचा ऊस हिरवा राहिला, तर पाचटाची गोष्ट टिकत नाही. हे दुसऱ्या दिवशी दिसते. आठवड्याने जळका ऊस तुटून गेलेला असतो.

यात सर्वांत मोलाचा कागद सबस्टेशनमध्ये असतो. तारा एकमेकींना लागल्या की फीडर (त्या भागाला वीज नेणारी वाहिनी) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि त्याची वेळ लॉगबुकात नोंदली जाते. अग्निशमन गाडीला फोन किती वाजता गेला ती वेळ नगरपालिकेच्या किंवा कारखान्याच्या नोंदीत असते. फीडर २ वाजून १० मिनिटांनी ट्रिप झाला आणि आगीचा फोन २ वाजून २० मिनिटांनी गेला, हे दोन कागद एकत्र आले की ठिणगी आणि आग यांची गाठ पडते. लॉगबुकाची नक्कल माहिती अधिकारात मागावी आणि विद्युत निरीक्षकाकडे चौकशीचा अर्जही त्याच आठवड्यात द्यावा. वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ मध्ये अशा अपघातांच्या चौकशीची तरतूद आहे. नुकसानीच्या आकड्यासाठी त्या गट नंबरचा मागच्या हंगामाचा टनेजचा उतारा, यंदाच्या जळक्या उसाच्या काटा पावत्या व त्यावरची कपात, आणि सातबाऱ्यावरची पीक नोंद लागते. ई-पीक पाहणी केलीच नसेल तर त्या रानात ऊस होता, इथूनच शाबीत करायला सुरुवात करावी लागते.

वीजतार तुटून माणूस दगावला असेल तर वादीचे काम हलके होते. मध्य प्रदेश वीज मंडळाच्या शैलकुमारी प्रकरणात (२००२) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एवढी धोकादायक वस्तू पुरवणाऱ्याने आपली चूक नव्हती असे सांगून सुटता येत नाही, तार तिसऱ्याच कोणाच्या उद्योगाने पडली असली तरीही. तिथे मृत्यू त्याच प्रवाहाने झाला हे शवविच्छेदन अहवालाने दाखवणे मुख्य. म्हणून शोकात असतानाही शवविच्छेदनाला नकार देऊ नये.

उसाच्या ट्रॉलीच्या अपघातात विमा कंपनीचा पहिला बचाव असतो की मागून धडकणाऱ्याचीच चूक. मोटार अपघात न्यायाधिकरणे दुचाकीस्वारावर काही टक्के दोष टाकतात ती याच बचावावर. तो कमी करायचा तर ट्रॉलीची मागची बाजू नोंदवली गेली पाहिजे: लाल दिवा होता का, जळत होता का, रिफ्लेक्टर होते की बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी झाकले होते, पंक्चर काढायला थांबताना चाकामागे आणि रस्त्यावर दगड किती अंतरावर लावले होते, ट्रॉलीने डांबरी रस्त्याचा किती भाग अडवला होता, जागा वळणावर होती का. वाहनांच्या केंद्रीय नियमांत मागचे लाल रिफ्लेक्टर आणि पार्किंगचे दिवे सक्तीचे आहेत, आणि वाहन रस्त्यात धोकादायक स्थितीत उभे करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ची मनाई आहे. पंचनाम्यात हे आले नसेल तर तपासी अंमलदाराला लेखी अर्ज देऊन पुरवणी पंचनामा मागावा. ट्रॅक्टरचा आणि प्रत्येक ट्रॉलीचा नोंदणी क्रमांक व विमा वेगळा तपासावा. ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामासाठी आहे, असा वाद विमा कंपनी घालते, म्हणून ऊस वाहतुकीचा करारही कारखान्याच्या दप्तरातून मागवावा लागतो. सहदोषाबाबत, म्हणजे नुकसान झालेल्याच्याही वाट्याला येणाऱ्या दोषाबाबत, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुचाकीवर तिघे होते किंवा परवाना नव्हता एवढ्यावरून दोष वाटला जात नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, असा संबंध प्रतिवादीने दाखवावा लागतो. मोहम्मद सिद्दीक प्रकरणाचा (२०२०) निकाल तिघांच्या बाबतीत हेच सांगतो.

काही घटना अशा असतात की त्या स्वतःच बोलतात. पोटात शस्त्रक्रियेचा बोळा सापडला, रिकाम्या रस्त्यावरून गाडी खाली उतरून झाडावर आदळली. अशा गोष्टी कोणी हयगय केल्याशिवाय सहसा घडत नाहीत. घटना ज्या वस्तूने किंवा कृतीने घडली ती प्रतिवादीच्या ताब्यात होती आणि वादीचा तिला हातभार नव्हता, एवढे दाखवले की खुलाशाचे ओझे प्रतिवादीकडे सरकते. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली शस्त्रक्रियेत बोळा राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला. अच्युतराव खोडवा प्रकरण म्हणून प्रसिद्ध असलेल्या १९९६ च्या निकालात नेमका हाच नियम लावला गेला. पुष्पाबाई उदेशी प्रकरणात (१९७७) झाडावर आदळलेल्या मोटारीला तो लागला. मात्र हा नियम म्हणजे पुराव्याला सुट्टी असे समजू नये. टायर अचानक फुटला, जनावर आडवे आले, असा पटणारा खुलासा प्रतिवादीने पुराव्यासह दिला तर वादीला पुन्हा कामाला लागावे लागते. म्हणून दाव्यात हा नियम आणि प्रत्यक्ष चुकांचा तपशील, दोन्ही लिहावेत.

बाकी वैद्यकीय दाव्यांत उपचाराचा परिणाम वाईट झाला याचा अर्थ हयगय झाली असा होत नाही. त्या शाखेच्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने त्या वेळी जे केले असते ते केले का, हे माप आहे. जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) ते पक्के केले, आणि फौजदारीसाठी चूक ढोबळ असावी लागते असेही सांगितले. मिरज-सांगलीला उपचार घेऊन परतलेल्या नातेवाइकांनी सर्वांत आधी आंतररुग्ण नोंदींची पूर्ण प्रत लेखी मागावी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणीपासून ७२ तासांत ती द्यावी लागते आणि नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे पूर्ण प्रत नव्हे. परिचारिकेची तासागणिक नोंद, भूल देणाऱ्याची नोंद, संमतिपत्र, औषधांचा तक्ता या कागदांत वेळा असतात आणि हयगय बहुधा वेळांमधल्या फटीत सापडते. त्याच शाखेच्या तज्ज्ञाचे मत जोडावे. ते मिळणे अवघड असते हे खरे, पण प्रत्येक दाव्यात तज्ज्ञ लागतोच असे नाही, हे व्ही. किशन राव निकालात (२०१०) आले आहे.

कागद प्रतिवादीच्याच कपाटात असेल तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १०४ ने शाबितीचा बोजा वादीवर ठेवला असला, तरी कलम १०९ सांगते की जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे ती त्याने शाबीत करायची. कलम ११९ खाली, हाताशी असलेला पुरावा दडवणाऱ्याच्या विरुद्ध तो पुरावा जातो असे न्यायालय गृहीत धरू शकते. पण त्यासाठी आधी मागणी करावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली कागद हजर करण्याचा अर्ज द्यावा, त्यात कागदाचे नाव, तारीख, ते कोणाच्या ताब्यात आहेत हे लिहावे. मागितलेच नाही, तर ‘त्यांनी दडवले’ असे युक्तिवादात म्हणता येत नाही. प्रतिवादी असलेला चालक साक्षीला आलाच नाही, तर त्याची बाजू खरी नाही असे अनुमान काढायला विद्याधर विरुद्ध माणिकराव (१९९९) निकालाचा आधार घेता येतो. जागा बदलण्याआधी आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनरची पाहणी मागावी. खड्डा बुजला, खांब सरळ झाला की कमिशनरला पाहायला काही राहत नाही.

फोटोंविषयी थोडे बारकाईने लिहितो. एकच जागा तीन अंतरांवरून घ्यावी: लांबून, ओळखीची खूण किंवा किलोमीटर दगड दिसेल अशी; मधल्या अंतरावरून; आणि जवळून, टेप ठेवून. खड्ड्यावर आडवी फळी टाकून फळीपासून तळापर्यंत खोली मोजावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोची मूळ माहिती गळून जाते, म्हणून मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये ठेवावी आणि मोबाइल विकू नये. दुकानाच्या सीसीटीव्हीवर जुने चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. त्या दिवशीच दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी कळवून ते जपायला सांगावे. न्यायालयात दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश संख्या (फाइलमध्ये जरा जरी बदल झाला तरी बदलणारी तिची ओळखसंख्या) द्यायची. हे प्रमाणपत्र नसल्याने चांगले चित्रण बाजूला पडते.

मुदती कडक आहेत. जखमीच्या सर्वसाधारण दाव्याला ३ वर्षे, १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालच्या दाव्याला मृत्यूपासून २ वर्षे, ग्राहक आयोगात २ वर्षे. मोटार अपघाताच्या अर्जाला कायद्यात ६ महिने लिहिले आहेत. सरकारविरुद्ध दाव्याआधी २ महिन्यांची नोटीस लागते. नगरपालिका आणि महापालिकेच्या कायद्यांत १ महिन्याची नोटीस आणि दाव्याला ६ महिने आहेत, त्यामुळे सातारा असो की सांगली, स्थानिक संस्थेविरुद्ध सुरक्षित मुदत ६ महिनेच धरावी. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. तिथेही अपघात खड्ड्यामुळेच झाला, हे दाखवावे लागणार.

शेवटी आपल्याकडे एक मागणी आहे. वृत्तपत्राचे कात्रण न्यायालयात एकट्याने पुरावा ठरत नाही, कारण ती ऐकीव माहिती धरली जाते. पण आपल्या छायाचित्रकाराने घटनास्थळी काढलेला मूळ फोटो, तो काढणाऱ्याच्या साक्षीसह, पक्का पुरावा असतो, आणि अनेकदा पंचनाम्याच्याही आधीचा असतो. अपघाताच्या बातमीत वेळ, किलोमीटर दगड, खांब क्रमांक एवढे छापावे. मूळ फाइल किमान ३ वर्षे जपावी, आणि जखमी किंवा मृताच्या घरच्यांनी लेखी मागितल्यास तिची प्रत प्रमाणपत्रासह देण्याची सोय आपल्या सातारा कार्यालयात करावी.

आपला,
एक दिवाणी वकील
सदर बझार, सातारा